२१ ऑक्टोबरला गाड्या उलट्या दिशेनं का चालल्यात?

पोस्ट लांब आहे. अर्धी वाचून उत्तर देऊ नका, पूर्ण वाचा आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

गेल्या आठवड्यापासून आपल्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. वीर बाबूराव शेडमाके यांच्या शहीद दिनानिमित्त भव्य कार रॅली. नागपूरहून निघायचं, चंद्रपूरला जटपुरा गेटवर स्वागत, तिथून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, अहेरी करत किष्टापूर. मुक्काम अहेरीला. दुसऱ्या दिवशी चामोर्शी, गडचिरोली, आरमोरीवरून परत. साधारण साडेपाचशे किलोमीटर. पन्नास गाड्यांचं टार्गेट आहे. बोनेटवर झेंडा, काचेवर स्टिकर, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, वरून ड्रोन. डिझेल ज्याचं त्यानं टाकायचं. मलाही दोघा-तिघांनी फोन केला, "भाऊ, तुमची गाडी पाहिजेच."

माझी गाडी येणार नाही. का येणार नाही ते सांगतो.

आधी तारीख बघा. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूरावांना चांद्याच्या जेलमध्ये फाशी दिली. पिंपळाच्या झाडाला. ती जागा आजही चंद्रपूरच्या जेलच्या आवारातच आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी माणसं तिथं येतात. ती कुठून येतात? राजुरा, जिवती, गोंडपिपरी, मूल, पोंभुर्णा आणि नदीपलीकडून चामोर्शी, अहेरी, एटापल्ली. कुणी एसटीनं, कुणी टेम्पोत दाटीवाटीनं, कुणी मोटरसायकलवर तिघं. म्हणजे त्या दिवशी जंगलातली माणसं चंद्रपूरकडं येत असतात आणि आपली पन्नास गाड्यांची रांग चंद्रपूर सोडून त्यांच्याच गावांकडं चाललेली असणार. आष्टीच्या पुलावर समोरासमोर भेट होईल. ते टेम्पोतून हात करतील, आपण एसीतून हॉर्न वाजवू. किष्टापूरला पोचलो तर स्वागताला कोण? ज्यांना खरोखर बाबूरावांचं काही आहे ते तर सकाळीच जेलकडं निघून गेलेले. काऊन बा, एवढा साधा विचार कुणालाच सुचला नाही?

आणखी एक. २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिनही असतो. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंगला जे जवान गेले त्यांच्या आठवणीचा. गडचिरोलीत या दिवसाचा अर्थ बाकी महाराष्ट्रापेक्षा फार वेगळा आहे, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या सकाळी इथल्या कितीतरी घरांतल्या आया-बायका आपल्या माणसाच्या नावासाठी परेडला जातात. त्याच दिवशी आपण पोलिसांकडं पन्नास गाड्यांचा बंदोबस्त मागायचा, पायलट गाडी मागायची. मागितली तर देतीलही. पण मागावी का?

आता मूळ मुद्दा. बाबूरावांच्या नावानं गाडी चालवायची तर ते ज्या गावांत लढले ती गावं तरी वाटेत यावीत ना? रूटचा नकाशा मी तीनदा बघितला. जेवणाचे थांबे आहेत, चहाचे आहेत, स्वागताच्या कमानी कुठं लागणार तेही आहे. पण घोट नाही, बामनपेठ नाही, सगणापूर नाही, नांदगाव-घोसरी नाही, चिचगुंडी नाही. ही नावं ज्यांनी पहिल्यांदाच ऐकली असतील त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण रॅलीच्या पोस्टरवर "१८५७ च्या लढ्यातील थोर क्रांतिकारक" एवढ्या एका ओळीवर काम भागवलंय.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं, त्यात चांदा त्यांच्या हातात गेला. बाबूराव म्हणजे मोलमपल्लीचे जमीनदार पुल्लेसूरबापू यांचा मुलगा, जन्म १२ मार्च १८३३, किष्टापूर. १८५७ च्या सप्टेंबरात त्यांनी जंगोम दल उभं केलं. मार्च १८५८ मध्ये राजगड घेतला. इंग्रजांचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन, त्यानं फौज पाठवली, १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली. म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. मग एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामनपेठ. घोट-अडपल्लीचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड होते, रोहिले होते. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याची छावणी पडली होती, तिच्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल ठार झाले, पीटर नावाचा तिसरा निसटला. १० मेला घोटला पुन्हा लढाई. दोन-अडीच महिन्यांत एवढं सगळं, पायी आणि जंगलातून.

चिचगुंडीवर जरा थांबतो. त्या वेळी तार म्हणजे आजच्या भाषेत नेटवर्क. चांद्यातून हुकूम निघाला की तो कुठवर आणि किती लवकर पोचणार, हे त्या तारेवर ठरणार होतं. बाबूरावांनी खजिना किंवा बंगला सोडून तारेवाल्यांची छावणी गाठली, यावरून त्या माणसाला राज्य कसं चालतं हे नीट कळलं होतं असं मला वाटतं. आणि गंमत बघा, २००९ मध्ये त्यांच्या जयंतीला, १२ मार्चला, भारत सरकारच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. ज्यांनी तारखात्याची छावणी उडवली, त्यांचा फोटो डाकघरात. तारसेवा तर २०१३ मध्ये बंदच झाली. ही गोष्ट शाळेतल्या पोराला सांगितली तर ते आयुष्यभर विसरणार नाही. रॅलीत ही गोष्ट कोण सांगणार? माइकवर तर "आवाज कुणाचा" चाललेलं असणार.

पुढचं तर कुणी बोलतच नाही. बाबूरावांना फौजेनं पकडलं नाही. इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला आणि त्यांच्या माणसांनी १८ सप्टेंबरला बाबूरावांना धरून दिलं. व्यंकटराव बस्तरकडं निघून गेले. १८६० मध्ये तेही सापडले आणि जन्मठेप झाली. त्यांची जमीनदारी इंग्रजांनी जप्त करून अहेरीकडं दिली. मी कुणाच्या आजच्या घराण्यावर बोट ठेवत नाहीये. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणत्या बाईवर काय दडपण होतं याचा निकाल मी चंद्रपुरात बसून लावणार नाही. पण मुक्काम अहेरीलाच ठेवायचा, सत्कार-समारंभ तिथंच करायचे आणि हा विषय तोंडातून काढायचा नाही, हे जमवायचं कसं? इतिहास म्हणजे फक्त फेट्यातला फोटो का? व्यंकटरावांचं नाव तर पोस्टरवर कोपऱ्यातही नाही. त्यांचा दोष एवढाच की ते फाशी गेले नाहीत.

आता कुणी म्हणेल, "तू नेहमी खोडाच काढतो. मध्य प्रदेशात सरकारनं केलं, दिल्लीत केलं, आम्ही केलं की दुखतं." केलं, मान्य. २ ऑक्टोबर २०२१ ला एनएसजीच्या कमांडोंची कार रॅली लाल किल्ल्यावरून निघाली होती, देशभर साडेसात हजार किलोमीटर, स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची. जून २०२३ मध्ये राणी दुर्गावतींच्या नावानं मध्य प्रदेशात गौरव यात्रा निघाल्या, त्यातली एक बालाघाटहून, म्हणजे आपल्या गोंदियाच्या कुंपणापलीकडून. राणी दुर्गावती १५६४ च्या २४ जूनला गेल्या, त्यामुळं जून महिना बरोबर होता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथं विधानसभेची निवडणूक होती, हेही बरोबर होतं. १५ नोव्हेंबर, बिरसा मुंडांची जयंती, २०२१ पासून जनजातीय गौरव दिन झाली. तेव्हापासून नोव्हेंबर आला की रथ, रॅली, कमान, झेंडा दाखवणं. ठरलेला साचा आहे. साच्यात चेहरा बदलायचा, बाकी सगळं तेच. आपण तोच साचा उचलून आणलाय. या मेसेजमधलं "बाबूराव" काढून दुसरं कुणाचंही नाव टाका, एक अक्षर बदलावं लागत नाही.

बिरसांचं नाव निघालंच आहे तर हेही. आदिवासी पाडे बारमाही रस्त्यानं जोडायची राज्य सरकारची एक योजना आहे, भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना. नाव छान आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. आतल्या गावातली बाळंतीण खाटेवर टाकून नाल्यापलीकडं आणली, हीसुद्धा. आणि आष्टी ते आलापल्ली रस्त्याचं काय? सूरजागडचं लोहखनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांनी त्या रस्त्याची काय दशा केली, ते तिथल्या कॉलेजच्या पोरांना विचारा, मोटरसायकलवाल्यांना विचारा. किती माणसं गेली त्या ट्रकांखाली. लोकांनी रस्ते अडवले, निवेदनं दिली. रॅलीला हाच रस्ता घ्यावा लागणार आहे. आयोजकांपैकी एकानं मला कौतुकानं सांगितलं, "तोपर्यंत खड्डे बुजवून घेऊ, वरून फोन लावलाय." वा! म्हणजे गाववाल्यांसाठी बुजत नव्हते, रॅलीसाठी एका फोनवर बुजणार. बुजू द्या बाप्पा, बुजले तर चांगलंच. पण मग बाबूरावांच्या नावानं निघालेल्या पन्नास गाड्यांतून एखादा तरी माणूस त्या रस्त्यावर उतरून विचारणार आहे का, की या पहाडातून रोज एवढं काय चाललंय आणि कुणाला विचारून चाललंय? सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत तिथं जत्रा भरते. त्या पहाडाशी बाबूरावांचं नाव जोडणारी म्हातारी माणसं आजही भेटतात. रॅलीच्या अजेंड्यावर सूरजागड हा शब्द नाही. का नाही ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. प्रायोजक शोधायचेत ना अजून.

जमीन आणि जंगल कुणाच्या हुकमानं चालणार, भांडण तेव्हा याचंच होतं. आज तेच भांडण कुठं चाललंय? ग्रामसभेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला वाहतूक परवाना हातात यायला २०११ चा एप्रिल उजाडला. त्यासाठी केंद्रातले मंत्री गावात यावे लागले. दोन वर्षं गावानं कागद घेऊन कागदाशी भांडण केलं. त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करायला लागल्या. रात्री-रात्री बसून हिशेब करतात, ठेकेदाराशी घासाघीस करतात. ज्याला जंगोमचा अर्थ शोधायचाय त्यानं अशा एका ग्रामसभेत मागं पोत्यावर बसून ऐकावं. तिथं ड्रोन नाही चालत.

आपण ज्या गावांतून गाड्या नेणार, तिथल्या एका तरी ग्रामसभेला विचारलं का? "आम्ही अमुक दिवशी पन्नास गाड्या घेऊन येतोय, चालेल का, तुमची सोय आहे का?" कायद्यानं गरज नसेल. पण पाहुणा म्हणून जाताना माणूस निरोप धाडतो. ऑक्टोबरच्या शेवटी हलका धान कापायला आलेला असतो, घरातली सगळी माणसं बांधीत असतात. आपल्या स्वागतासाठी रेला नाचायला पोरी उभ्या करायच्या, म्हणजे त्यांचा दिवस बुडाला. तो दिवस कोण भरून देणार? आणि दरवेळी नाच त्यांनीच करायचा आणि शूटिंग आपणच काढायचं, हे किती दिवस?

रॅलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं, ते इथं लिहितो. शहरातल्या शाळेत, होस्टेलमध्ये आपली भाषा लपवून, आडनाव हळू आवाजात सांगून मोठी झालेली पोरं आहेत. त्यांनी गळ्यात पिवळा दुपट्टा घालून, गाडीवर झेंडा लावून भर चौकातून जाणं, ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. लोक वळून बघतात, आणि या वेळी मान खाली जात नाही. याला मी दिखावा म्हणणार नाही. ज्यांना चौक कधी मिळालाच नाही त्यांना एक दिवस चौक पाहिजे. मोटरसायकल घेऊन येणाऱ्या त्या पोरांवर माझा एक शब्दाचा राग नाही. माझा राग आहे तो त्यांचा हा हट्ट वापरून घेणाऱ्या, पुढच्या पांढऱ्या गाडीत बसणाऱ्या आणि पोस्टरवर बाबूरावांपेक्षा मोठा स्वतःचा फोटो छापणाऱ्या मंडळींवर. पोस्टर उघडून बघा. बाबूरावांचा एक फोटो, बाकीच्यांचे चौदा. मी मोजलेत.

पाच दिवस आधी याच शहरात काय होतं ते आठवा. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, नागपूरनंतर दोन दिवसांनी. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला इथल्या दीक्षाभूमीवर माणसं येतात. भाकरी बांधून येतात, रात्री मैदानात झोपतात, आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. त्या पुस्तकांच्या स्टॉलवर किती गर्दी असते! अक्षर न येणारी आजी नातवासाठी पुस्तक निवडून घेते. तिथं कुणी गाड्यांची रांग लावून "चला, महूला जाऊ" म्हणत नाही. माणसं त्या जागेवर येतात, म्हणून ती जागा राहिली. आपल्या जेलच्या पिंपळाला असा मेळा का मिळू नये? बाबूरावांवर मराठीत, गोंडीत मिळेल ते सगळं एका टेबलवर मांडलं, तर २१ तारखेला विकलं जाणार नाही का? फाशीचा दोर तुटला होता, पुन्हा-पुन्हा तुटला होता, अशी कथा गावोगाव सांगतात. प्रत्येक गावाची कथा वेगळी. ती सांगणारी माणसं सत्तर-ऐंशीची झालीत. ती गेली की कथाही गेली. तिकडं गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, २०११ पासून. पन्नास गाड्यांऐवजी पन्नास पोरं मोबाईल घेऊन घोट, बामनपेठ, चिचगुंडीला पाठवा, चार-चार दिवस राहू द्या, म्हाताऱ्यांना बोलतं करा, गोंडीत आणि माडियात बोलू द्या. मग बघा किती निघतं ते.

हिशेबच करू. पन्नास गाड्या गुणिले साडेपाचशे किलोमीटर म्हणजे साडेसत्तावीस हजार किलोमीटर. लिटरला पंधराचं अॅव्हरेज धरलं तर अठराशे लिटरच्या वर तेल. लिटर शंभर रुपये धरा. एक लाख ऐंशी हजारांच्या पुढं नुसतं इंधन. टी-शर्ट, कमानी, जेवण, ड्रोन वेगळं. एसटीचा प्रासंगिक करार माहीत आहे ना? लग्नाच्या वऱ्हाडाला करतो तोच. अहेरी ते चंद्रपूर एकशेवीस किलोमीटरच्या आसपास. या पैशात माझ्या अंदाजानं चार-पाच बस आरामात होतील. म्हणजे दोनशेहून जास्त माणसं. किष्टापूर, मोलमपल्ली, घोट, चिचगुंडी इथली म्हातारी माणसं, बाया, शाळेतली पोरं. त्यांना सन्मानानं बसवून आणायचं, जेलमधल्या पिंपळापुढं उभं करायचं, आणि त्या दिवशी माइक त्यांच्या हातात द्यायचा. भाषणं आपण ऐकायची. रात्रीची सोय चंद्रपूरकरांनी आपापल्या घरी करायची. माझ्या घरी सहा जणांची होते.

आणि किष्टापूरला जायचंच असेल, जायलाच पाहिजे, तर १२ मार्चला जाऊ. जयंती आहे, मोह पडायला लागलेला असतो, धान घरात आलेला असतो. आधी ग्रामसभेला पत्र देऊ. दहाच गाड्या नेऊ, भरून नेऊ. वाटेत आष्टीला थांबू, चपराळ्याला वर्धा-वैनगंगेचा संगम बघू, तिथून पुढं तीच नदी प्राणहिता होते आणि चिचगुंडीकडं जाते, हे पोरांना दाखवू. येताना घोटला मुक्काम करू.

रविवारी सायंकाळी रॅलीची बैठक आहे. मी जाणार आहे आणि हेच सगळं तिथं बोलणार आहे. तीन गोष्टी लेखी मागणार: तारखेचा फेरविचार, वाटेतल्या ग्रामसभांना पत्र, आणि गोळा होणाऱ्या वर्गणीचा हिशेब याच ग्रुपवर. व्यंकटरावांचं नाव पोस्टरवर घ्या, ही चौथी. ज्यांना बसच्या पैशात हातभार लावायचा आहे त्यांनी मला सांगा, पैसे आत्ता पाठवू नका, आधी एसटीच्या आगारात चौकशी करून आकडा आणतो. अहेरी आणि चामोर्शीकडच्या मित्रांनो, तुमच्या गावातून किती माणसं येऊ शकतील तेवढं दोन-तीन दिवसांत कळवा. म्हाताऱ्यांना पुढच्या सीट लागतील, तेही लिहा.